कोळशाची पाळी आता संध्याकाळची

देशातल्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ मध्ये कोळसा, वायू आणि तेल यांच्याबाहेरच्या स्रोतांची झाली. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजूनही सुमारे ७० टक्के आहे. सौरवीज दुपारी भरपूर मिळते, सूर्य मावळला की संपते, आणि घरोघरची मागणी नेमकी तेव्हा वाढते. त्यामुळे कोळसा हवा की नको, या वादापेक्षा तो कोणत्या तासांना जाळायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीपंपांचा भार रात्रीकडून दिवसाकडे सरकतो आहे. म्हणजे औष्णिक संचांनी दुपारी खाली यायचे आणि संध्याकाळी झपाट्याने वर जायचे. आपले वीजखरेदी करार मात्र हे संच अहोरात्र चालणार असे धरून झालेले आहेत.

हे काम संचांना झेपणार नाही, असा अभियंत्यांचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. भार वारंवार चढवला-उतरवला की बॉयलरचे जाड धातूचे भाग थकतात आणि कमी भारावर प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी संचांना टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरायला सांगितले आहे. त्यासाठीचा खर्च सगळ्याच संचांवर करणे मात्र शहाणपणाचे नाही. कोराडीचे ६६० मेगावॅटचे संच त्या खर्चाला पात्र आहेत. नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे चाळिशी ओलांडलेले २१० मेगावॅटचे संच नाहीत. तिथे तर कोळसाही लांबून रेल्वेने आणावा लागतो.

मग संध्याकाळसाठी नवी कोळसा केंद्रे बांधा, असे सांगितले जाते. पण नव्या केंद्राचा स्थिर आकार ग्राहकाला सुमारे २५ वर्षे भरावा लागतो, संच बंद असला तरीही. रोजच्या चार-पाच तासांसाठी हे ओझे कशाला? सह्याद्रीत घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प दुपारची वीज संध्याकाळी देण्याचे काम करू शकतो. तसे आणखी प्रकल्प आणि बॅटऱ्या यांवर तोच पैसा लावावा.

कोळशाची वीज स्वस्त आहे, हा युक्तिवाद चंद्रपूरमध्ये तपासावा. खाणी शेजारी असल्याने तिथल्या २९२० मेगावॅटच्या केंद्राला वाहतूकखर्च कमी पडतो. राख आणि धूर मात्र शहर सोसते, त्याची नोंद बिलात नसते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने गंधकाच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली, ती पुन्हा पुन्हा वाढवली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश संचांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच दिली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, हे त्यामागचे कारण. पण हजारो मेगावॅट एकाच जागी जळतात तेव्हा थोडे गंधकही पुष्कळ होते, आणि त्यातून हवेत सूक्ष्म कण बनतात. जे संच राखायचे त्यांना ही यंत्रणा बसवलीच पाहिजे. तो खर्च दरात दिसला तरच स्वस्ताईचा दावा खरा की खोटा ते कळेल.

उरलेले संच नियोजनाविना बंद पडू देणे हा अन्याय ठरेल. २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद पडले, तेव्हा पहिला फटका कंत्राटी कामगारांना बसला. कोणते संच कोणत्या वर्षी बंद होणार, तिथल्या कामगारांची सोय काय, आणि तिथली जमीन व तयार पारेषण वाहिन्या बॅटरी साठवणुकीसाठी कशा वापरणार, याचा आराखडा महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणीत मांडावा.