चालत्या दुकानाची किंमत

चालते दुकान विकायची वेळ आली की घरात बहुधा दोन आकडे ऐकू येतात. एक मनाचा आकडा: "अब्बांनी तीस वर्षे रक्त आटवलंय, पंधरा लाखांच्या खाली द्यायचं नाही." दुसरा भंगारवाल्याचा आकडा: "आहे काय त्यात? एक भट्टी, एक मिक्सर आणि चार रॅक." दोन्ही आकडे हिशेबाचे नाहीत. पहिला धरून बसले की गिऱ्हाईक येत नाही आणि दुकान बंद पडून खरोखरच भंगार होते. दुसरा धरला तर विकणारा फसतो. दुकान घरातल्या घरातच एका भावाकडे जाणार असेल, तर बहुधा बहीण फसते.

म्हणून या महिन्यात आपण एका चालत्या धंद्याची किंमत मांडून पाहू. उदाहरण बेकरीचे घेऊ, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांची रोजीरोटी पाव, खारी आणि बटरवर चालत आली आहे. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपल्या चोपडीतले आकडे घालून हाच हिशेब पिठाची गिरणी, शिवणकामाचे दुकान किंवा घरगुती मसाल्याचा धंदा, कशालाही लावता येईल.

पहिली पायरी नफ्याची. एका वर्षाचा नफा पुरेसा नाही. ते वर्ष नेमके चांगले किंवा नेमके वाईट असू शकते. निदान तीन वर्षांचे आकडे घ्यावेत. समजा बेकरीला तीन वर्षांत ४,२०,०००, ४,५०,००० आणि ४,८०,००० रुपये सुटले. सरासरी आली ४,५०,०००.

आता या रकमेतून मालकाची मजुरी वजा करा. ही गोष्ट आपल्याकडे कुणी करत नाही. पहाटे चारला उठून भट्टीपाशी उभा राहणारा, दुपारी गल्ल्यावर बसणारा आणि संध्याकाळी वसुलीला फिरणारा माणूस घरचाच, म्हणून त्याला पगार नाही. पण घेणारा स्वतः राबला नाही तर त्याला त्या कामासाठी माणूस ठेवावाच लागेल. महिन्याला २०,००० धरले तर वर्षाचे २,४०,००० झाले. म्हणजे धंद्याची खरी कमाई उरली २,१०,०००. ज्या दुकानात ही वजाबाकी केल्यावर काहीच उरत नाही, त्या दुकानात नावाची किंमत शून्य आहे. तिथे विकायला फक्त सामान आहे. हे ऐकायला कडू लागते, पण विकण्याआधी कळलेले बरे.

दुसरी पायरी सामानाची. भट्टी, मिक्सर, ट्रे, काट्याचे वजन आणि मैद्याची पोती आज बाजारात ज्या भावाने जातील तो भाव धरावा, खरेदीच्या पावतीवरचा नव्हे. समजा यंत्रे २,९०,००० आणि कच्चा माल ४०,०००, मिळून ३,३०,००० झाले. एवढी रक्कम दुसऱ्या एखाद्या हलाल धंद्यात भागीदारीने लावली असती तरी थोडाफार नफा झालाच असता. तो वर्षाला ३०,००० धरून वरच्या कमाईतून काढला की राहिले १,८०,०००. ही रक्कम सामानामुळे येत नाही आणि मजुरीमुळेही येत नाही. ती येते नावामुळे, जागेमुळे, ठरलेल्या गिऱ्हाइकांमुळे. बारावीच्या पुस्तपालनात मुले जिला 'ख्याती' म्हणून शिकतात आणि बाजारात जिला गुडविल म्हणतात, ती हीच.

आता प्रश्न असा, की ही वरकड कमाई किती वर्षांची धरायची? याचे उत्तर एका गोष्टीवर आहे: मालक निघून गेल्यावर गिऱ्हाईक किती टिकेल? स्टँडजवळच्या टपऱ्या आणि खानावळी वर्षानुवर्षे याच बेकरीचा पाव घेत असतील, सायकलवरचे लाईनवाले राहणार असतील, कारागीर तोच असेल, तर दोन वर्षे, फार तर तीन वर्षे धरता येतात. पण सगळी गिऱ्हाइके अब्बांच्या ओळखीने येत असतील आणि नानखटाईचे प्रमाण फक्त त्यांच्या हातात असेल, तर एक वर्षही जास्त होईल. म्हणून विकण्याचा विचार असेल त्यांनी आधी सहा महिने प्रमाणे लिहून काढावीत, गिऱ्हाइकांची यादी करावी, कारागिराला सगळे शिकवावे. त्याने किंमत खरोखर वाढते. घरगुती मसाल्याच्या धंद्यात ऑर्डरी येणारा मोबाइल नंबर हीच गिऱ्हाइकांची चोपडी असते. तो नंबर सोबत देणार की नाही, यावरही भाव ठरतो.

आपण दोन वर्षे धरू. म्हणजे नावाची किंमत ३,६०,०००. त्यात सामानाचे ३,३०,००० आणि मालकाकडे ठेवलेली जागेची अनामत १,००,००० मिळवा. उधारीच्या वहीत ६०,००० दिसतात, पण वसूल होतील असे २०,०००च, तेवढेच धरा. मैद्याच्या व्यापाऱ्याचे देणे ९०,००० वजा करा. बेरीज आली ७,२०,०००. मनाच्या आकड्याच्या निम्मीही नाही, आणि भंगारवाल्याच्या आकड्याच्या कितीतरी वर.

काहींना शंका येते, की हाताला न लागणाऱ्या नावाचे पैसे घेणे जायज आहे का? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ साली कुवेतच्या बैठकीत याचा विचार केला. व्यापारी नाव आणि ट्रेडमार्क हे मालकाचे हक्क आहेत, त्यांना आर्थिक मूल्य आहे आणि मोबदला घेऊन ते दुसऱ्याला देता येतात, असे तिने ठरवले. अट एवढीच, की व्यवहारात संदिग्धता आणि फसवणूक नसावी.

ही अट साधी वाटते, पण खरी कसोटी तिथेच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हदीस आपल्याला माहीत आहे. दुकानाच्या राशीतही ओले धान्य असते. भाडेकरार आठ महिन्यांत संपतोय. समोरच्या चौकात नवी बेकरी येतेय. मोठ्या खानावळीने पाव दुसरीकडून घ्यायला सुरुवात केलीय. मुंबईत तर लाकडाच्या भट्टीचा प्रश्न आहे: २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. अशा ठिकाणी भट्टी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. यातले प्रत्येक कलम घेणाऱ्याला आपण होऊन सांगावे. आणि "दुसरा गिऱ्हाईक लाखभर जास्त देतोय" अशी खोटी हूल उठवू नये. भाव चढवण्यासाठी बनावट गिऱ्हाईक उभे करायला शरीअतने मनाई केली आहे.

जागा पागडीची असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने पागडीच्या देण्याघेण्याला मुभा दिली आहे. तरीही घरमालकाच्या संमतीशिवाय जागा दुसऱ्याच्या नावावर करू नये आणि त्याचा ठरलेला हिस्सा आधीच बाजूला काढावा. नाव विकले म्हणजे ते खरोखर विकावे, हेही ध्यानात असू द्या. पैसे घेऊन पुढच्याच गल्लीत नवी भट्टी पेटवणे हा घेणाऱ्यावर अन्याय आहे. ख्याती विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तोच धंदा करू नये, असा वाजवी करार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार करता येतो. कराच्या बाबी चार्टर्ड अकाउंटंटला विचारून मगच सही करावी.

आता घरातल्या वाटणीकडे येऊ, कारण किंमत सर्वांत जास्त चुकते ती तिथे. समजा अब्बांचे निधन झाले. त्यांचे आईवडील आधीच गेलेले. मागे अम्मी, दोन मुलगे आणि दोन मुली. कफन-दफनाचा खर्च, सर्व कर्ज, अम्मींचा मेहेर द्यायचा राहिला असेल तर तो आणि वसीयत असल्यास ती, एवढे आधी फेडायचे. मग अम्मींना आठवा हिस्सा आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. एकूण ४८ वाटे केले तर अम्मींचे ६, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. सूरह अन्-निसाचे हे हिस्से आपल्यात बहुतेकांना पाठ असतात. वाद हिश्शांवर होत नाही. हिस्सा कशाचा, तिथे गफलत होते.

बेकरी चालवणारा थोरला म्हणतो, "सामान तीन लाख तीस हजारांचं, देणं नव्वद हजार. राहिले दोन लाख चाळीस हजार." एक वाटा ५,००० चा झाला आणि बहिणीच्या हातात ३५,००० पडले. पूर्ण हिशेबाने ७,२०,००० धरले तर एक वाटा १५,००० चा होतो आणि बहिणीचे १,०५,००० होतात. हिस्सा शरीअतप्रमाणेच दिला, असे थोरला सांगेल आणि ते ऐकायला खरेही वाटेल. पण हेच दुकान उद्या परक्याला विकताना तो नावाचे पैसे सोडणार नाही. परक्यासाठी एक किंमत आणि बहिणीसाठी दुसरी, याला वाटणी म्हणता येणार नाही.

थोरल्याचेही म्हणणे असते, आणि ते ऐकले पाहिजे. "दहा वर्षे मी राबलो." अब्बांशी पगाराचा किंवा भागीदारीचा ठराव असेल तर त्याचे येणे आधी द्यावे. ठराव नसेल तर सगळ्यांनी मिळून जाणत्या आलिमांना विचारावे. पण जे ठरेल ते वेगळे कलम म्हणून कागदावर यावे. दुकानाची किंमत गुपचूप खाली आणून ते वळते करून घेऊ नये. एकदम रक्कम देणे जमत नसेल तर बहिणींच्या राजीने हप्ते पाडावेत. मुदतीचा व्यवहार साक्षीदार ठेवून लिहून घ्यावा, असे कुरआनच्या सर्वांत मोठ्या आयतीत सांगितले आहे. सख्ख्या भावंडांना त्यातून सूट नाही.

"तिच्या लग्नात एवढा खर्च केला" हे वाक्यही अशा वेळी निघते. लग्नात दिलेले वारशाच्या हिश्शात वळते होत नाही. आणि कितीतरी बहिणी माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून "मला काही नको" म्हणून मोकळ्या होतात. बहिणीने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण आपण नेमके किती सोडतोय, हे तिला आधी कळायला हवे. ३५,००० सोडतेय असे समजून १,०५,००० सोडणारी बहीण काही माफ करत नाही. तिच्यापासून ते लपवलेले असते.

म्हणून ज्या घरात चालता धंदा आहे, त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी एक वही काढावी. तीन वर्षांचा नफा, राबणाऱ्याची मजुरी, आजच्या भावाने सामान, वसूल होणारी उधारी, देणे आणि जागेची कागदपत्रे, एवढी सहा कलमे लिहावीत. विकायचे नसले तरी लिहावीत. आणि ती वही घरातल्या बायकांना, लेकी-बहिणींना वाचून दाखवावी.