नंदीच्या मागे तोफगाडा हवा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदी (रेल्वे) गावात लाकडी नंदी बाहेर पडतात. पायाखाली चाकं, अंगावर झूल, शिंगांना गोंडे. काही इवलेसे, काही मात्र मोठ्यांनीच ओढावेत एवढे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरच्या या गावाची ओळखच तान्हा पोळा. पोरं दोरी धरून घरोघर जातात, बोजारा म्हणून खाऊ-पैसे घेऊन परततात.

नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी हा सण सुरू केला, अशी परंपरा आहे. त्याच रघूजींच्या वाट्याला मोठा पराभवही आला. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावला त्यांची फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीपुढे मोडली. 15 डिसेंबरला गाविलगड किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख हातचा गेला. आज वर्धा जिल्ह्याची वेस असलेली ही नदी तेव्हा राज्याची हद्द झाली.

युद्धाचा इतिहास रस्त्यावर उभा करायचा म्हटलं की फेटे, तलवारी आणि दांडपट्टा एवढंच आठवतं. मर्दानी खेळ हे मोठं कसब आहे, ते टिकलंच पाहिजे. पण त्या काळची फौज बैलांच्या जिवावर चालायची. तोफा बैल ओढत. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून छावणीला धान्य पुरवत. बैल मेले की तोफा जागेवर थांबत. म्हणून वेलस्लीच्या पत्रांत लढाईइतकीच बैलांची काळजी दिसते. गाविलगडाच्या उत्तर अंगाला जड तोफा न्यायच्या होत्या, तेव्हा मेळघाटाच्या दऱ्याडोंगरांतून माणसांनी त्या हातांनी ओढल्या. हे पोरांना कोण दाखवणार?

वॉटर्लूच्या लढाईला 2015 मध्ये 200 वर्षं झाली, तेव्हा तिथं हजारो हौशी लोक जुन्या गणवेशात मैदानात उतरले. त्या लढाईचा विजेता वेलिंग्टन म्हणजे अडगावचाच वेलस्ली. आपल्याकडे तर कोणताही गणवेश शिवायची गरज नाही. सिंदीत बैल तयार आहेत, पोरं तयार आहेत, गर्दीही आपसूक जमते. शिवाय या दिवसाला इतिहासाचं वावडं नाही. त्याच दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि काळ्या मारबतीशी भोसले घराण्यातल्या बांकाबाईंचं नाव लोक आजही जोडतात.

तेव्हा एखाद्या मोठ्या नंदीमागे गावच्या सुतारानं लाकडी तोफगाडा जोडावा. दुसऱ्या नंदीच्या पाठीवर धान्याची खरी गोणी ठेवावी आणि ती चढवता-उतरवताना पोरांच्या खांद्यांना तिचं वजन कळू द्यावं. पोळ्याला म्हणायच्या जुन्या झडत्यांच्या जोडीला शाळेतल्या गुरुजींनी अडगाव-गाविलगडच्या नव्या झडत्या बांधाव्यात. आणि दारात आलेल्या पोराच्या हातावर बोजारा ठेवताना घरच्या आजीनं विचारावं, ‘बाळा, रघूजीराजाचा मुलूख कोणत्या नदीपाशी तुटला रे?’