विद्यापीठाची आवणी



परवा त्र्यंबकेश्वरजवळच्या एका पाड्यावर गेलो होतो. खुरासणीच्या बियाण्याची गोष्ट चालली होती. घरच्या बाई चहा देता देता म्हणाल्या, "साहेब, थोरली संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता म्हणते, विद्यापीठात नियोजनाच्या कामाला जाईन. तिचे वडील म्हणतात, कागद काळे करायला का एवढं शिकवलं?" वडील शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. मलाही तेव्हा नीट सांगता आले नाही. म्हणून आज लिहितो.

आधी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी याच भागात एक प्रशिक्षणवर्ग जुलैत ठेवला. फलक लावला, चहा सांगून ठेवला. आले दोघे, त्यातल्या एकाचा पाय मुरगळलेला! बाकी सारा गाव आवणीला चिखलात. विषय चांगला होता, वेळ चुकली होती.

विद्यापीठाचा नियोजन करणारा माणूस असल्या चुका आधीच हेरतो. कोणत्या तालुक्यात किती मुले बारावी होणार, एस.टी.ने त्यांना किती लांब जावे लागते, शिक्षक किती आणि पैसा किती, हे तो मांडतो. आपला नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे येतो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांसाठी बृहत आराखडा करावा लागतो. त्यात न बसणाऱ्या नव्या महाविद्यालयाच्या अर्जाचा विचारच होत नाही. आराखड्यातून एखादे गाव सुटले, की तिथल्या मुलींचे शिक्षण पुष्कळदा बारावीलाच थांबते. कागद काळे करणे म्हणतात ते हे.

नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या बाजूला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. माणूस पदार्थविज्ञानाचा, १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. जो रोज वर्गात येऊ शकत नाही, त्याच्यासाठी हे विद्यापीठ आखले गेले. पुस्तके घरी, अभ्यासकेंद्र जवळच्या गावी, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीची सोय, आणि शेतीचेही अभ्यासक्रम. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. डॉ. ताकवले पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. २०२३ मध्ये ते वारले.

या कामाची ठरलेली अशी एक पदवी नाही. कोणी प्राध्यापकीतून येतो, कोणी कार्यालयातून. सहायक कुलसचिवाच्या जागेला साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि ५५ टक्के गुण मागतात. पुढे अनुभवावर उपकुलसचिव होता येते. जागा थोड्या, हेही सांगितले पाहिजे. आणि वर्षभर खपून केलेली योजना पैशाअभावी कपाटात पडते, तेव्हा गारपिटीत बाग गेल्यासारखे वाटते. ते सोसायची तयारी हवी.

तर ताई, तुमच्या मुलीला आकडे येतात आणि आवणी कधी असते तेही तिला ठाऊक आहे. शहरात वाढलेल्या उमेदवाराकडे ही दुसरी गोष्ट सहसा नसते. तिला अर्ज भरू द्या. दादांना सांगा, खुरासणीच्या बियाण्याची चौकशी मी इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रात करून ठेवतो. पुढच्या खेपेला येईन तेव्हा ते बोलतील अशी आशा आहे.