सात जणींचा मोर्चा

निधर्मी राज्यात धर्माला जागाच नसते, असा एक समज आपल्याकडे आहे. तो बरोबर नाही. धर्म माणसाला असतो, राज्याला नसतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या नागपुरात ताजुद्दीनबाबांना राजे रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतले होते. आजही मोठ्या ताजबागला हिंदू-मुसलमान दोघेही चादर घेऊन जातात. या इस्लामविषयी कोणाची तक्रार नाही. प्रश्न उभा राहतो तो धर्म कायद्यात येतो तेव्हा. तिथे धर्माच्या वतीने बोलायचे कोणी?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्यात मुस्लिम स्त्रिया होत्या फक्त सात. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एकच नागरी कायदा करा, ही त्यांची मागणी. १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. नावातला ‘सत्यशोधक’ हा शब्द महात्मा फुल्यांचा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंदूरच्या शाहबानोंची पोटगी कायम केली. रक्कम दरमहा १७९ रुपये २० पैसे! तेवढ्याने धर्म बुडाला अशी ओरड झाली आणि १९८६ मध्ये संसदेने नवा कायदाच केला. राज्याने पुढाऱ्यांचे ऐकले, म्हातारीचे नाही. २०१७ मध्ये तीन तलाक रद्द ठरला तो शायराबानो आणि इतर स्त्रिया स्वतः न्यायालयात गेल्या म्हणून. सात जणींच्या एका मागणीला ५१ वर्षे लागली.

पण २०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग ठेवला. तुरुंगातला मजूर बायकोला निर्वाहभत्ता कुठून देणार? आणि निव्वळ बायको टाकली म्हणून इतर धर्मांतल्या नवऱ्यांना असा तुरुंग आहे काय? कालपर्यंत पुढाऱ्यांना भिणारे राज्य आज आमच्या नावाने समाजाला धाक घालत असेल, तर दोन्ही वेळा आम्हाला कोणी विचारले नाही असेच म्हणावे लागेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. नमाज पढणारी आई आणि राज्यशास्त्राचे पुस्तक, या दोहोंत मला भांडण दिसत नाही. माझा धर्म काय सांगतो हे मौलवींनी परस्पर ठरवू नये आणि माझे भले कशात आहे हे मंत्र्यांनीही परस्पर ठरवू नये. आमच्या वर्गात आता मुस्लिम मुली आहेत. या विषयावर पुढची चर्चासभा भरेल तेव्हा व्यासपीठावर त्यांच्यासाठी दोन खुर्च्या असाव्यात, एवढी विनंती मी प्राध्यापकांना करते.