घाटात मिसिंग!

'पुढच्या वेळी मी शिवनेरीने जाईन.'

हे वाक्य बायकोचं. आवाज चढलेला नाही, कपाळावर आठी नाही. ज्यांच्या लग्नाला तीन-चार वर्षं झालीत त्यांना कळेल, आवाज चढलेला असता तर परवडलं असतं!

रविवारची संध्याकाळ. दादरहून सासूबाईंच्या हातचं जेवून आम्ही पुण्याकडे निघालेलो. एक्स्प्रेस वे, खंडाळ्याचा चढ. अमृतांजन पुलाच्या जरा अलीकडे (पूल २०२० मध्ये पाडला, तरी आपण अजून 'अमृतांजनपाशी'च म्हणतो). डावीकडे गोगलगायीसारखा कंटेनर, मागे ट्रॅव्हल्सची व्हॉल्वो. कंटेनरला ओलांडायला म्हणून चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि... धड्, धड्, धड्. गाडीने तीन झटके मारले, पिकअप गायब, आणि मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या व्हॉल्वोने हेडलाइट मारून माझ्या आरशाचं दिवाळं काढलं. पाय उचलला, गिअर खाली टाकला, कसाबसा डाव्या लेनमध्ये शिरलो. बायकोचा एक हात डॅशबोर्डवर, एक पोटावर. सहावा महिना चालू आहे.

लोणावळ्यापर्यंत कोणी बोललं नाही. मग ते शिवनेरीचं वाक्य.

नेहमीच्या वाचकांना माझी गाडी ठाऊक आहेच. स्कोडा ऑक्टेविया व्हीआरएस, मॉडेल २००५, सेकंडहॅण्ड. कॉलेजात असताना ही गाडी रस्त्यावर दिसली की आम्ही चहाचा ग्लास खाली ठेवायचो. २००४ साली ती भारतात आली तेव्हा टर्बो म्हणजे डिझेल, हे समीकरण इथे पक्कं होतं. त्यात ही १.८ लिटरची, २० व्हॉल्व्हची टर्बो पेट्रोल, १५० बीएचपी! आणि ऑक्टेविया जोडली जायची कुठे, तर आपल्या औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात. तर पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स वगैरे सगळं भरून मी ही म्हातारी सांभाळतोय. बायकोच्या भाषेत, 'तुझी पहिली'.

आता खरी गोष्ट. झटके देणारी गाडी मी स्वतःच, पैसे मोजून, तयार करून घेतली होती. म्हणजे बघा, दोन महिन्यांपूर्वी एका चकाचक ट्यूनिंगच्या दुकानात जाऊन मी ईसीयूचा मॅप बदलून घेतला. टर्बोचं बूस्ट वाढलं, गाडी सॉलिड पळायला लागली. दुकानदार म्हणाला, 'सर, मॅप केलाय तर इग्निशन अपग्रेड करूनच टाका. रेड कॉइल्स, इरिडियम प्लग.' लाल रंगाच्या चार कॉइल्स, जुन्या चार 'एक्स्चेंज'मध्ये. बॉनेट उघडलं की काय दिसायचं राव! फोटो काढून ग्रुपवर टाकले होते. नेमके तेच फोटो आता मित्र मला परत पाठवतात.

घाटानंतर गाडी त्याच दुकानात नेली. त्यांनी स्टार्ट केली, दोन-तीनदा रेस केली. 'एकदम मख्खन आहे सर. पेट्रोल खराब असेल.' मख्खन होतीच. उभ्या गाडीत ती मख्खनच असणार, हेच तर कोडं आहे. ते मला दुकानात नाही, कोथरूडच्या मागच्या गल्लीत कळलं.

तिथले मिस्त्री वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी म्हटलं, 'काका, गाडी मिसिंग मारते, पण फक्त घाटात.' काकांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, 'बसा. चौथा गिअर ना? अडीच-तीन हजार आरपीएम ना? पाय फुल ना?' तिन्हीला हो. 'मग करंट कमी पडतोय साहेब.'

फंडा असा आहे. प्लगच्या दोन टोकांत बारीकशी फट असते, तिला गॅप म्हणतात. ठिणगीला ती फट ओलांडायची असते. गॅपमध्ये असतं हवा आणि पेट्रोलचं दाबलेलं मिश्रण. समजा, तुम्हाला लोकलच्या डब्यात एका दारातून चढून दुसऱ्या दारातून उतरायचंय. दुपारी दोन वाजता दहा पावलं चालून जाल. सकाळी नऊच्या गर्दीत तीच दहा पावलं, पण अंगातला जीव निघतो. अंतर तेवढंच, गर्दी वाढली. टर्बो नेमकं हेच करतो, सिलिंडरमध्ये हवेची गर्दी वाढवतो. उभ्या गाडीत डबा रिकामा, ठिणगी आरामात पलीकडे. घाटात फुल बूस्टवर विरार फास्ट! मग कॉइलला जास्त व्होल्टेज लावावं लागतं, आणि ती देऊ शकली नाही तर ठिणगी पडतच नाही. त्या सिलिंडरने त्या फेरीला काम केलं नाही. तुम्हाला बसतो तो झटका.

या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल आहे. बॅटरीचे बारा व्होल्ट घेऊन ती त्याचे वीस-तीस हजार करते. सहा हजार आरपीएमला एका सिलिंडरला सेकंदाला पन्नास ठिणग्या लागतात, म्हणजे दर वीस मिलिसेकंदांनी एक. त्या तेवढ्या वेळात कॉइलने पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं. तेही तापलेल्या हेडमध्ये अर्धं गाडलेल्या अवस्थेत. या १.८ टर्बो घराण्याच्या सुरुवातीच्या कॉइल्स त्यासाठी बदनामच होत्या. इतक्या, की २००३ च्या सुरुवातीला फोक्सवॅगनने अमेरिकेत त्या बदलून द्यायची मोठी मोहीमच काढली. पुढे सुधारलेल्या कॉइल्स आल्या. माझ्या गाडीत त्या होत्या. 'होत्या' हे क्रियापद लक्षात घ्या.

काकांनी स्कॅनर लावला. पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. आता दोषी कोण? कॉइल, प्लग, की इंजेक्टर? इथे बरेच गॅरेजवाले तिन्ही बदलतात आणि बिल तुमच्या हातात ठेवतात. काकांनी दोन नंबरची कॉइल तीनवर लावली, तीनची दोनवर, कोड पुसला आणि मला म्हणाले, 'चांदणी चौकाच्या चढावर चक्कर मारून या.' आलो. पी०३०३. मिसिंग कॉइलबरोबर चालत गेलं होतं! एक पैसा खर्च न करता चोर सापडला. ही टेस्ट तुम्ही घरच्या पार्किंगमध्येही करू शकता, अट एकच, इंजिन थंड हवं आणि इग्निशन बंद.

मग त्यांनी ती लाल कॉइल हातात घेतली, तळव्यावर तोलली, अंगठ्याने छपाईवर घासलं. अक्षरं अंगठ्यावर आली. 'रंग लाल आहे साहेब. बाकी काय नाय.' डुप्लिकेट! चारही. खरी लाल कॉइल ही ऑडीची वस्तू आहे, आर८ सारख्या मोठ्या गाड्यांसाठी बनलेली, म्हणून ट्यूनिंगवाल्यांत तिचं नाव झालं. माझ्या इंजिनात तीही तशीच बसत नाही, वर अ‍ॅडॉप्टर लावून बसवावी लागते. माझ्यात अ‍ॅडॉप्टर नव्हतेच. आणि माझ्या अस्सल कॉइल्स मी 'एक्स्चेंज'मध्ये देऊन आलो होतो. त्या क्षणी काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

प्लग काढले तर आणखी गंमत. इरिडियम खरे होते, पण नंबराच्या शेवटी '-११'. एनजीकेच्या भाषेत त्याचा अर्थ १.१ मिलिमीटर गॅप. बिनटर्बोच्या गाडीला ठीक. माझ्या इंजिनाला मुळात ०.८ च्या आसपास लागतो, आणि बूस्ट वाढवल्यावर तो अजून कमी करायचा असतो. दुकानाने खोका उघडला, प्लग घुसवले, विषय संपला. म्हणजे गर्दी वाढवली, अंतरही वाढवलं, आणि ढकलणारा मात्र अशक्त आणला. चार हजारांत गाडी पळेनाशी कशी करावी, याचं हे उत्तम पॅकेज!

'मोठा गॅप म्हणजे मोठी ठिणगी, मोठी ठिणगी म्हणजे जास्त पॉवर' असं तुम्हालाही कोणीतरी सांगितलं असेल. बाइकवाल्यांत तर हे फार चालतं. टर्बोच्या बाबतीत ते डोक्यातून काढून टाका. आणि हेही स्पष्टच सांगतो, की इग्निशन अपग्रेडने हॉर्सपॉवर वाढत नाही. मॅपने जी वाढवली ती गळू नये, एवढंच त्याचं काम. मिश्रण आधीच पेटत असेल तर ते जास्त जोरात कसं पेटवणार?

आम्ही केलं ते असं. प्लग बदलले, एक नंबर थंड. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड (बॉशमध्ये बरोब्बर उलटं आहे, त्यामुळे ब्रॅण्ड बदलताना सांभाळा). मूळचा सहाचा, आम्ही सातचा घातला, तोही साधा कॉपरवाला. 'थंड' म्हणजे इंजिनची उष्णता हेडकडे लवकर सोपवणारा. जास्त बूस्टमध्ये प्लगचं टोक लालबुंद झालं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. उलट फार थंड घातला तर सिग्नल टू सिग्नल चालवताना टोकावरची काजळी जळतच नाही. ती जळायला साधारण साडेचारशे अंश लागतात. मी आठवडाभर कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणि महिन्यातून एकदा घाटात, त्यामुळे आठचा प्लग माझ्यासाठी शुद्ध मूर्खपणा ठरला असता.

फिलर गेजने गॅप ०.७ केला. चारही प्लगचा, प्रत्येकाचा दोनदा तपासून. मग टॉर्क पाना, ३० न्यूटन मीटर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, 'हाताला लागेल तेवढं' आवळून आटे गेले तर रडायची सोय नाही. शेवटी काकांनी कॉइलचे कनेक्टर दाखवले. वीस वर्षं इंजिनावर भाजून वायरींवरचं प्लास्टिक खारी बिस्किटासारखं झालं होतं, बोट लावलं की तुकडे. ती वायरिंग नवी, अर्थिंगचा जोड घासून स्वच्छ. या कामाचे फोटो ग्रुपवर टाकण्यासारखे नसतात, पण खरं सांगायचं तर अर्धं अपग्रेड हेच होतं.

कॉइल्स मात्र साध्या काळ्या घेतल्या. अस्सल, सुधारित, कंपनीच्या. मी विचारलं, 'खऱ्या लाल मागवू का?' काका म्हणाले, 'टर्बो मोठा घालणार?' नाही. 'मग कशाला?' नाना पेठेत आम्ही एकाच पार्टसाठी तीन दुकानं फिरलो. किंमत एक-तृतीयांश सांगितली की पुढे चालू लागायचं, हा माझा नवा नियम. बिल पाहून पोटात गोळा आला, पण तो लुकलुकणारा दिवा किती महागात पडू शकतो हे तोवर कळलं होतं. दिवा नुसता पेटलेला असेल तर गाडी गॅरेजला न्या. लुकलुकत असेल तर पाय लगेच उचला. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. माझा वाचला, कारण लोणावळ्यापर्यंत मी भीतीनेच हळू चालवली.

दुसऱ्या शनिवारी मी एकटाच घाट उतरलो आणि खोपोलीवरून पुन्हा चढलो. तीच जागा, तोच चौथा गिअर. पाय दाबला. काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं तेवढंच झालं. मग आणखी दोन फेऱ्या केल्या, कारण एका फेरीवर माझाच विश्वास बसेना. घरी आल्यावर बायकोने विचारलं, 'झाली का तुझी पहिली बरी?' मी म्हटलं, 'तीन वेळा घाट चढलो. एकदाही मिसिंग नाही.' तिने मोबाइल पुढे केला. शिवनेरीचं तिकीट आधीच बुक होतं, एकच सीट, खिडकीची.

मी काही बोललो नाही. ती दादरला बसने गेली. परत मात्र माझ्याबरोबर आली, बॅगा चार होत्या आणि सासूबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा जड होता, असं तिचं म्हणणं. घाटात शिरल्यावर तिने डॅशबोर्डवर हात ठेवला. मी साठच्या वर काटा जाऊ दिला नाही. कंटेनर आला, ओलांडला. अमृतांजन गेलं, बोगदा गेला. हात कधी काढला ते मला दिसलं नाही, बघायची हिंमतच नव्हती.

घरी डिकी उघडल्यावर म्हणाली, 'हे काय?' स्टेपनीशेजारी फडक्यात गुंडाळलेली एक नवी कॉइल, एक प्लग आणि पाना.

'स्पेअर आहे.'

'बाळाची बॅग कुठे ठेवायची मग?'