रसिकांची बखर कोणी बुडवली?

समाजमाध्यमांनी रसिकतेचे लोकशाहीकरण केले, संगीतावर बोलण्याचा अधिकार आता सर्वांना मिळाला, असे विधान अलीकडे परिसंवादांतून आणि अभ्यासमंडळांच्या बैठकांतूनही वारंवार ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. बोलणाऱ्यांची संख्या वाढली हे निर्विवाद. पण बोललेले टिकत नाही, आणि जे टिकत नाही त्यावर पुढच्याला काही रचता येत नाही. लोकशाही म्हणायची तर तिला निदान इतिवृत्त तरी हवे.

उदाहरण हिंदी चित्रपटगीतांच्या आणि अभिजात संगीताच्या रसिकांचे घेऊ. १९९०च्या दशकात यूझनेटवर भारतीय संगीताचे दोन गट नांदत होते. एक अभिजात संगीताचा. दुसरा चित्रपटगीतांचा व इतर संगीताचा, ज्याला त्याचे सभासद 'आरएमआयएम' म्हणत. लिहिणाऱ्यांत परदेशी विद्यापीठांतले भारतीय विद्यार्थी आणि अभियंते बरेच होते. संगणकावर देवनागरी उमटवणे तेव्हा सोपे नव्हते. म्हणून अविनाश चोपडे यांनी सिद्ध केलेल्या 'आयट्रान्स' या रोमन लिप्यंतरपद्धतीने या मंडळींनी गीते शब्दशः उतरवून घेतली. चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार यांच्या नोंदी जोडल्या. एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या. त्यातून 'आयट्रान्स साँग बुक' हा संग्रह उभा राहिला. अभिजात संगीताच्या गटात हिरिरीने वाद घालणाऱ्या राजन पर्रीकरांनी पुढे रागांवर ध्वनिमुद्रणांच्या दाखल्यांसह लेखमाला लिहिली. हे काम त्यांना कोणत्या विद्यापीठाने सोपवले नव्हते.

आपल्याकडच्या रसिकांची ही जुनीच रीत आहे. 'महल' (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून पात्राचे, 'कामिनी' असे नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली, तेव्हा लता मंगेशकरांचे नाव लोकांसमोर आले. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी १९८०पासून 'हिंदी फिल्म गीत कोश' दशकवार प्रसिद्ध केला. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन केली. 'कोणी गायले, कोणी बांधले, केव्हा मुद्रित झाले?' या प्रश्नांपासून रसिकता अभ्यासाकडे वळते. यूझनेटवरची मंडळी हेच प्रश्न विचारत होती.

त्या गटांची बांधणीच या प्रश्नांना अनुकूल होती. प्रत्येक पत्राला विषय असे, दिनांक असे. उत्तर देणारा आधी प्रतिपक्षाची ओळ जशीच्या तशी उद्धृत करी, तिच्याआधी एक खूण घाली आणि मग तिच्याखाली आपले म्हणणे मांडी. आपल्या शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्षाला आरंभ करता येत नसे. येथे ती शिस्त यंत्रानेच अंगवळणी पाडली होती. भांडणे होत, कधी अश्लाघ्य भाषाही होई. परंतु कोण कोणत्या वाक्याशी भांडतो आहे, हे वाचणाऱ्याला दिसे.

फेसबुकने २००९ साली 'लाइक'ची कळ आणली आणि २०१६ साली तिच्या जोडीला हृदय, हास्य, अश्रू, राग यांची चिन्हे दिली. दाद देण्याची सोय झाली. पण ही दाद गाण्यातल्या नेमक्या कोणत्या जागेला, हे सांगण्याची गरज संपली. मैफिलीत 'क्या बात है' म्हणणारा निदान त्या क्षणाला, त्या स्वराला दाद देत असतो. येथे कोणती टिप्पणी वर दिसावी हेही यंत्र 'सर्वाधिक संबंधित' असा शिक्का मारून ठरवते, आणि वादाचा क्रमच मोडतो. व्हॉट्सॲपवर तर बंद खोलीतली बैठक. एका समूहात १०२४ माणसे मावतात. बाहेरच्याला, उद्याच्या अभ्यासकाला, दाराची फटसुद्धा नाही.

आता स्मृतीचा हिशेब पाहू. ऑर्कुट २०१४ साली बंद झाले. याहू ग्रुप्सने २०१९ साली साठवलेला मजकूर पुसण्याची घोषणा केली आणि २०२०च्या डिसेंबरात ती सेवाच संपली. स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे उचलले तेवढेच वाचले. गूगलने २००१ साली डेजा न्यूजचा यूझनेट-संग्रह विकत घेतला होता. २०२४च्या फेब्रुवारीपासून तेथे नवे लेखन स्वीकारले जात नाही, जुने मात्र पाहता येते. परिणाम विचित्र आहे. १९९५ सालचे पुष्कळ वादविवाद आज वाचता येतात. २००७ सालचे कितीतरी कायमचे गेले.

आमच्या एका विद्यार्थिनीने मराठी भावगीतांच्या श्रोत्यांवर प्रबंधिका लिहायला घेतली. एका मोठ्या समूहात एका वृद्ध श्रोत्याने एका गीताच्या दोन ध्वनिमुद्रणांतील पाठभेद उकलून दाखवला होता, असे तिला तीन जणांनी सांगितले. तो मजकूर तिला मिळाला नाही. ते श्रोते हयात नव्हते. तिने तळटीपेत काय लिहावे? आम्ही मार्गदर्शक म्हणून तिला 'ते वगळा' एवढेच सांगू शकलो, आणि त्या उत्तराची आम्हाला अजून लाज वाटते.

यावर आक्षेप येईल की तुम्ही ज्या सुवर्णकाळाचे गोडवे गाता तो इंग्रजी लिहिणाऱ्या, संगणक परवडणाऱ्या मूठभरांचा होता. आक्षेप खरा आहे. गावातला भजनीमंडळाचा पेटीवादक, निवृत्त शिक्षिका, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेला माणूस आज देवनागरीत लिहितो, स्वतःच्या आवाजात बोलून ठेवतो. ही मोठी प्राप्ती आहे. पण मग तर नुकसान अधिकच गंभीर ठरते! अभियंत्यांचे शब्द जपले गेले आणि ज्यांना बोलण्याची संधी प्रथमच मिळाली त्यांचे शब्द पुसले जात आहेत. याला लोकशाही कसे म्हणावे? ज्या समूहांतून कोणाचीही कविता कुसुमाग्रजांच्या आणि कोणतेही वचन पु. ल. देशपांडे यांच्या नावावर खपते, तेथे खरा जाणकार आणि खोटा संदर्भ एकाच वेगाने वाहून जातात.

दोष केवळ कंपन्यांचा नाही. त्यांनी जतनाचे वचन दिलेच नव्हते. दोष आमचा आहे. आस्वादप्रक्रिया आणि वाचकसमीक्षा आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवतो. आमच्या डोळ्यांदेखत चाललेला आस्वाद मात्र आम्ही कधी नोंदवला नाही. महानुभावांच्या पोथ्या, लावण्यांची बाडे शोधत हिंडणाऱ्या संशोधकांचे आपण वारसदार म्हणवतो, आणि हातातल्या फोनमधले बाड मात्र जागा कमी पडली की पुसून टाकतो.

तेव्हा मराठी विभागांनी एवढे तरी करावे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील एका रसिकसमूहातील एक चर्चा, लिहिणाऱ्यांच्या संमतीने, दिनांकासह आणि गीताच्या पूर्ण तपशिलासह उतरवून ग्रंथालयात ठेवावी. अंतर्गत मूल्यमापनासाठी नाही तरी आपण दरवर्षी तेच ते प्रकल्प लिहून घेतो. त्यांऐवजी ही बाडे जमा झाली, तर त्या विद्यार्थिनीसारख्या पुढच्या मुलीला 'ते वगळा' असे सांगण्याची वेळ आमच्यावर येणार नाही.