माघारी फिरू या

निकाहला 25 वर्षे झाली म्हणून मुलांनी आम्हाला एका दिवसासाठी घराबाहेर काढले. "अम्मी-अब्बू, आज स्वयंपाक आम्ही करू, तुम्ही फिरून या," म्हणाली. आम्ही धामचे धरण निवडले. वर्ध्याच्या वायव्येला डोंगरांत अडवलेले हे पाणी लोक महाकाली धरण म्हणून ओळखतात. धाम नदी पुढे पवनारवरून वाहते आणि वर्धा शहराच्या नळाला तिचेच पाणी येते. ज्या पाण्याने रोज वुजू करतो, ते जिथून येते ती जागा एकदा पाहावी, असे फार दिवस मनात होते.

ऑक्टोबर होता. धरण तुडुंब भरलेले. ओळखीच्या एका मासेमार भाऊंनी दिवसभर फिरवायचे कबूल केले. त्यांचा डोंगा मासे धरण्याचा, पाहुणे नेण्याचा नव्हे. म्हणून आमच्यातल्या बाईने दोन लाइफ जॅकेट आधीच आणून ठेवली होती. तिने बुरख्यावरून जॅकेट चढवले आणि पट्टे आवळले. आमच्यातल्या पुरुषाने आपले जॅकेट बुडाखाली घेतले. "झकास गादी झाली," म्हणाला.

सकाळ फार सुंदर गेली. पाणी इतके निवांत होते की डोंगराची सावली हलत नव्हती. पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. घरात कधी निघत नाहीत अशा गोष्टी निघाल्या: पहिल्या भाड्याच्या खोलीच्या, फेडलेल्या कर्जाच्या, आता हयात नसलेल्या माणसांच्या. दुपारी काठावर डोंगा लावला, जोहरची नमाज अदा केली, खिमा-रोटी तिघांनी मिळून खाल्ली.

पुन्हा पाण्यात शिरलो तेव्हा वारा पडला होता. अंगाला चिकटणारा उकाडा आणि पश्चिमेला काळ्या ढगांचा ढीग.

"अहो, माघारी फिरू या," ती म्हणाली.

"अर्धा तास थांब. तो पलीकडचा कोपरा तेवढा पाहू."

नावाड्याने आधी तिच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. डोंगा पुढेच गेला. आपल्याकडे पुरुषाचा शब्द शेवटचा मानायची सवय घरात असते, तशी डोंग्यातही असते.

अर्धा तास मिळालाच नाही. परतीच्या पावसात असे होते. ढगातून पाऊस सुटला की त्याच्याबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि चहूकडे पसरते. त्यामुळे पावसाचा थेंब पोचण्याआधी वारा पोचतो. उघड्या, लांबलचक पाण्यावर त्याला अडवायला काही नसते, म्हणून लाटा बघता बघता वाढतात. डोंगा डोलू लागला तसा आमच्यातला पुरुष घाबरून उठू लागला.

"उठू नका ना जी! खाली बसा, मधोमध!" नावाडी ओरडला. त्याने डोंग्याचे तोंड लाटांकडे धरले. आडव्या लाटेने डोंगा उलटला असता. जॅकेट आता गादीखालून निघाले, पण हात थरथरत होते, पट्टा सापडत नव्हता. तो तिनेच बसल्या जागेवरून आवळून दिला. दोघेही मोठ्याने कलमा म्हणत होतो.

अल्लाहच्या कृपेने जवळचा काठ लागला. विजा चमकत होत्या, म्हणून झाडाखाली न जाता झाडांपासून दूर, उकिडवे बसून राहिलो. तासाभराने आभाळ निवळले. परतीच्या वाटेवर पाणी पुन्हा शांत होते, जणू काही घडलेच नव्हते. मगरिबनंतर तो एवढेच बोलला, "तू म्हणालीस तेव्हाच फिरायला हवे होते."

सगळ्यांनाच असा काठ लागत नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी जलाशयात कुगाववरून कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत एक तरुण जोडपे आणि त्यांची दोन लहानगी होती. त्याआधी 14 सप्टेंबर 2021 ला वरूड तालुक्यातल्या झुंज येथे आपल्याच वर्धा नदीत नाव उलटून एका कुटुंबातल्या 11 जणांचा अंत झाला.

आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पाण्यावर उंट बांधायचा म्हणजे काय? जॅकेट काठावरच घालायचे. बुरखा असो की साडी, त्यावरूनच. पाण्यात पडल्यावर ते घालणे फार कठीण. पावसाळी दिवसांत दुपारच्या आत परतायचे आणि ती वेळ निघण्यापूर्वीच ठरवायची. विजेचा इशारा देणारे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अॅप मोबाइलवर ठेवायचे.

आणि आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे: दोघांपैकी ज्याला आधी भीती वाटेल, त्याचा शब्द शेवटचा. भिणाऱ्याला हसायचे नाही. हा नियम आता आम्ही घरातही पाळू लागलो आहोत, उधारी करताना, मुलीचे स्थळ पाहताना.

तो पलीकडचा कोपरा अजून पाहायचा राहिला आहे. इन्शाअल्लाह, थंडीत जाऊ, सकाळच्या वेळी. जॅकेट दोघांच्याही अंगावर असतील.